"मेनिया" म्हणजे नक्की काय? वेड, खूळ, नाद की आजार?

चकलीची_आई

मंडळी, एक बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. माझा मुलगा आठवीत आहे, सेमी इंग्लिश. परवा त्यांच्या इंग्रजीच्या बाईंनी दहा शब्द दिले आणि वाक्यात उपयोग करून आणा म्हणाल्या, त्यात एक होता मेनिया. साहेबांनी दोन मिनिटात लिहून टाकलं, "आय हॅव मेनिया ऑफ क्रिकेट". वही परत आली तर त्या वाक्याला लाल गोल आणि बाजूला नुसतं एक प्रश्नचिन्ह. चूक म्हणावं तर फुली नाही आणि बरोबर म्हणावं तर टिक नाही. आता हा माझ्या मागे लागलाय की आई यात चुकलं काय ते सांग, आणि मी मराठी मीडियमची बीकॉम, मला कुठलं सांगता येतंय.

डिक्शनरी उघडली तर तिथे वेड, उन्माद, ध्यास, छंद, खूळ अशी सगळी वरात एकाच ओळीत. आता छंद आणि उन्माद एकच कसे असतील हो? सासूबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या उन्माद म्हणजे माज, याने लिहिलंय की मला क्रिकेटचा माज आलाय, बाईंनी गोल केला तो बरोबरच केला. आमच्या बिल्डिंगखाली कपड्यांचं दुकान आहे त्यावर महिनाभर "मान्सून मेनिया, दोन कुर्त्यांवर एक फ्री" असा बॅनर फडफडतोय, म्हणजे तिथे तरी माज नसणार. आणि कहर म्हणजे मैत्रिणीला फोनवर सहज विचारलं तर ती म्हणे अगं तो मानसिक आजार असतो, पोराच्या वहीत कसला शब्द देतात.

तर मला एवढंच कळू दे की वाक्यात चूक काय, हा शब्द चांगला की वाईट, मराठीत त्याला नेमकं काय म्हणायचं, आणि उच्चार मेनिया की मॅनिया. सोमवारी वही परत द्यायची आहे.

शेंगदाणा_कूट

ताई, वीस वर्षं घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेतेय, हे वाक्य मी किमान पन्नास वह्यांत बघितलं असेल, त्यामुळे मुलाला म्हणावं तू एकटा नाहीस.

मेनिया ऑफ नाही, मेनिया फॉर. आपल्या डोक्यात आधी "क्रिकेटचं वेड" येतं आणि त्यातल्या "चं" चं आपण डोळे मिटून "ऑफ" करतो, सगळा घोळ तिथे होतो. क्रेझ फॉर, पॅशन फॉर, मेनिया फॉर, ही सगळी एका पंगतीतली आहेत असं लक्षात ठेवायला सांगा. दुसरं म्हणजे पुढे "अ" हवा. अ मेनिया फॉर क्रिकेट. हा "अ" दिसायला चिमूटभर आहे पण काम मोठं करतो, कारण "अ" न लावता नुसतं "ही हॅज मेनिया" म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटणार की डॉक्टरने निदान केलंय. तुमची मैत्रीण म्हणते तो अर्थ तो हाच.

पण बाईंनी फुली न मारता प्रश्नचिन्ह का काढलं असेल याचं कारण मला वेगळं वाटतं. व्याकरण सुधारलं तरी ते वाक्य कानाला खटकतंच, कारण मेनिया हा शब्द माणूस स्वतःबद्दल सहसा वापरत नाही, तो बाजूला उभा राहून बघणारा वापरतो, आणि त्यात थोडं "काय हे चाललंय" असं असतं. क्रिकेट खेळणारं पोरगं म्हणेल आय ॲम क्रेझी अबाउट क्रिकेट. त्याची आई म्हणेल ही हॅज अ मेनिया फॉर क्रिकेट. म्हणजे शब्द बरोबर आहे पण तोंड चुकलंय, तो तुमच्या तोंडी जास्त शोभेल.

उच्चार मेनिया, मेथीतला मे. मेनिया असलेला माणूस मेनिॲक. पण गंमत अशी की त्याचंच विशेषण मॅनिक होतं, तिथे मे चा मॅ होतो, आणि दुसरं एक विशेषण आहे त्याचा उच्चार मनायकल. एका घरातली भावंडं पण प्रत्येकाचा सूर वेगळा, इंग्रजीत याला इलाज नाही.

क्रेझ मेनियापेक्षा हलका. आणि क्रेझ म्हणजे मुळात तडा, हे मला फार आवडतं. घरात जुनी चिनी मातीची लोणच्याची बरणी असेल तर जरा उजेडात धरून बघा, चकाकीखाली केसासारख्या बारीक रेषांचं जाळं दिसेल. भाजल्यावर थंड होताना माती आणि वरचा चकाकीचा थर सारखे आकसत नाहीत म्हणून त्या पडतात, आणि भांडी बनवणारे लोक त्याला आजही क्रेझिंगच म्हणतात. म्हणजे क्रेझी म्हणजे डोक्याला तडा गेलेला. आपण "तो जरा क्रॅक आहे" म्हणतो ते त्याच चालीवरचं. फ्रेन्झी त्याहून भडक पण थोडा वेळ टिकणारा, सेलचं शटर वर गेल्यावरची पहिली दहा मिनिटं म्हणजे फ्रेन्झी. फॅड तर आपण मराठीत वापरतोच.

नादखुळा_०९

कूटताईंनी इंग्रजी सांगितलं, आता मराठी आमच्याकडनं घ्या. कोल्हापूरकर असल्यामुळं हा विषय आमच्या हक्काचा आहे, आयडीवरनं कळलंच असेल.

सासूबाईंचं चुकलेलं नाही. उन्माद आता आपण सत्तेचा उन्माद, विजयाचा उन्माद असंच वाचतो, त्यामुळं त्यात माजाचा वास येतोच. म्हणून पोराच्या क्रिकेटला उन्माद म्हणू नका, उगाच बिचाऱ्यावर गुन्हा दाखल झाल्यासारखं वाटतं.

मला विचाराल तर मराठीत याला एक शब्द नाही, पायऱ्या आहेत, आणि पायरी नुसत्या नावावरनं कळत नाही, क्रियापदावरनं कळते. छंद जोपासतात. नाद लागतो. खूळ डोक्यात शिरतं. वेड लागतं आणि लावतातही. भूत मानगुटीवर बसतं. बघा, छंदात माणूस कर्ता आहे, तो पाणी घालतोय, खत घालतोय. भूतापर्यंत आलं की माणसाचं काही चालत नाही, भूत चालवतंय. इंग्रजीतला मेनिया मला वाटतं खूळ आणि भूत यांच्या मधला जिना आहे.

आणि नाद म्हणजे साधा शब्द नव्हे हां. बापाच्या तोंडात नाद वाईट, "कुणाच्या नादाला लागलास". पण आमच्याकडं "नाद खुळा" म्हणजे पहिल्या प्रतीची दाद, मिसळीच्या तर्रीपासनं ट्रॅक्टरच्या नवीन मॉडेलपर्यंत कशालाही लागू. आणि "नाद करायचा नाय" म्हणजे आमच्या वाटेला जाऊ नका. एकाच शब्दात शिवी, शाबासकी आणि धमकी.

मेनिया कसा दिसतो ते बघायचं असलं तर फुटबॉल वर्ल्ड कपला आमच्या पेठेत या. इथं तालमींच्याच फुटबॉल टीम असतात, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की दुकानदारांचं गिऱ्हाईकाकडं लक्ष नसतं. वर्ल्ड कप आला की सगळी गल्ली ब्राझील आणि अर्जेंटिना अशी दोन भागात फुटते, भिंती रंगतात. आमचा एक चुलता, वय वर्षं ५८, ब्राझीलवाला, २०२२ ला त्यानं हट्टानं टेरेसवरची पाण्याची टाकी पिवळी रंगवली, वर हिरवा पट्टा. काकू म्हणत होती अहो मॅच तरी होऊ दे. ९ डिसेंबरला क्रोएशियानं पेनल्टीवर घरी पाठवलं ब्राझीलला. १८ ला अर्जेंटिना जिंकली तेव्हा समोरच्या टेरेसवरच्या पोरांनी ह्याच्या टाकीकडं बोट दाखवून दाखवून नाचून घेतलं. टाकी अजून पिवळीच हाय. रंग काढायला बाराशे सांगतोय पेंटर, आणि चुलता म्हणतोय कशाला काढायचा, परत वर्ल्ड कप येतोच की.

जुनी_मुंबई_प्रेमी

वरचं सगळं एका माणसाच्या मेनियाबद्दल झालं. पण इंग्रजीत हा शब्द जास्त गाजला तो गर्दीच्या आणि त्यातही पैशाच्या वेडासाठी, आणि त्यातलं एक मोठं प्रकरण आपल्या मुंबईतच घडलंय, त्याला इतिहासात शेअर मेनिया असंच म्हणतात, म्हणून मध्ये तोंड घालतो.

हॉलंडच्या ट्युलिपच्या कंदांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, भाव चढत चढत गेले आणि १६३७ च्या फेब्रुवारीत धाडकन पडले. त्यात देशच्या देश बुडाला वगैरे जे सांगतात ते नंतर तिखटमीठ लावलेलं आहे, आताचे इतिहासकार तसं मानत नाहीत, नुकसान झालं ते ठराविक व्यापाऱ्यांचं. पण डच लोकांनी त्या धंद्याला नाव फार छान दिलं होतं, वाऱ्याचा व्यापार, कारण कंद जमिनीत आणि खरेदीविक्री कागदावर. मग १८४५-४६ ला इंग्लंडात रेल्वे मेनिया आला, एकट्या १८४६ सालात पार्लमेंटने अडीचशेच्या वर रेल्वेचे कायदे पास केले, त्यातल्या कितीतरी लाइनी कधी झाल्याच नाहीत. आपली जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वे कंपनीसुद्धा त्याच हवेत १८४५ ला लंडनमध्ये उभी राहिली आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. म्हणजे वेडातनं कधीकधी रूळही पडतात.

आता मुंबई. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळ्यांच्या नजरा इकडे वळल्या. गुजरात, खानदेश, वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातनं जायला लागला आणि भाव असे चढले की गाद्या उसवून आतला जुना कापूस विकला अशा गोष्टी सांगतात. पैसा आला, पण ठेवायचा कुठे? तर रोज नवीन कंपनी, नवीन बँक, नवीन फायनान्स आणि सगळ्यात गाजलेल्या म्हणजे समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या रेक्लमेशन कंपन्या. बॅक बे रेक्लमेशनचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांच्या घरात गेला. जमीन कुठे होती? पाण्याखाली! डच लोकांचा वारा, आपलं पाणी. या सगळ्याच्या मधोमध शेअर दलाल प्रेमचंद रायचंद, त्यांनी मान हलवली की शेअर चढणार अशी ख्याती.

आणि यात वायदे होते, टाइम बार्गेन म्हणायचे, म्हणजे आज सौदा करा आणि पैसे चुकते करा १ जुलै १८६५ ला. तोपर्यंत भाव वर गेलेलाच असणार ही प्रत्येकाची खात्री. पण ९ एप्रिल १८६५ ला तिकडे व्हर्जिनियात दक्षिणेचा जनरल ली शरण आला, युद्ध संपत आलं, अमेरिकेचा कापूस परत बाजारात येणार हे कळलं आणि भाव कोसळले. १ जुलै उजाडला तेव्हा विकणारे सगळे, विकत घेणारा कुणीच नाही. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २८५० पर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांवर आला, पुढे बँकच गुंडाळावी लागली. प्रेमचंदांचंही दिवाळं निघालं. पण त्यांनी युनिव्हर्सिटीला देणगी दिली होती त्यातनं क्लॉक टॉवर झाला, १८७८ मध्ये पुरा, त्यांच्या आईचं नाव दिलं म्हणून राजाबाई टॉवर. ओव्हल मैदानावर रविवारी एकाच वेळी पंधरा-वीस मॅच चालू असतात, कुणाचा बॉल कुणाच्या फिल्डरने अडवला कळत नाही, आणि वर हा टॉवर उभा. ताई, तुमच्या चिरंजीवांना एकदा तिथे घेऊन जा, दोन्ही मेनिया एका जागी बघायला मिळतील, क्रिकेटचा जिवंत आणि शेअरचा दगडात.

चकलीची_आई

अहो केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मुलगा शेजारी बसून वाचतोय आणि त्याला पिवळी टाकी सगळ्यात आवडली. कापूस मी वाचला. मैत्रिणीच्या आजाराचं मात्र राहिलंच, ते खरं का? कारण तसं असेल तर दुकानाच्या बॅनरवर कसं चालतं हो?

रात्रपाळी

ते मी सांगतो. घरचा अनुभव आहे, नाव गाव काही सांगणार नाही.

माझा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, दिवाळीच्या आधीची. स्वभावाने शांत, दहा शब्द विचारले तर दोन बोलणारा. एकदम बदलला. रात्री दोन तास झोपायचा आणि सकाळी ताजातवाना, उलट आम्हालाच म्हणायचा तुम्ही लोक झोपण्यात आयुष्य घालवता. बोलणं इतकं भरभर की वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू. आईला तर बरंच वाटत होतं, म्हणायची पोरगं बोलायला लागलं एकदाचं, उत्साह आलाय. पोह्यांचा धंदा काढतो म्हणाला, ठीक आहे म्हटलं. चौथ्या दिवशी व्हिजिटिंग कार्डं छापून आणली दोन हजार, त्यावर पाच शाखा, त्यातली एक दुबई. पहाटे साडेतीनला मी कामावरून आलो तर किचनमध्ये सगळे डबे जमिनीवर मांडलेले, प्रत्येक डब्यावर मार्करने नंबर टाकत होता, तोंडाने हिशोब चालू, आणि डोळ्यात अशी चमक की मला पहिल्यांदा भीती वाटली. अडवलं तर चिडायचा, इतका चिडायचा की हा आपला माणूसच नव्हे. फंडातले पैसे काढलेत हे नंतर कळलं.

डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं, मॅनिक एपिसोड. बायपोलर डिसऑर्डर नावाचा आजार आहे त्यात एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला डिप्रेशन. एक दिवस जोरात आहे म्हणून मेनिया होत नाही, निदान आठवडाभर ही अवस्था टिकते, झोपेची गरजच वाटत नाही, आपण कुणीतरी अचाट आहोत असं वाटतं, खर्चाला धरबंद राहत नाही. त्याला लिथियम चालू केलं, हे औषध १९४९ पासून या आजारासाठी माहीत आहे, अजूनही देतात, फक्त मध्ये मध्ये रक्त तपासून त्याचं प्रमाण बघावं लागतं. आता बरा आहे. नोकरी करतो. दोन हजार कार्डांच्या कोऱ्या बाजूवर आई वाण्याची यादी लिहिते, अजून संपलेली नाहीत.

ताई, तुमच्या मैत्रिणीचं खरं आहे पण अर्धं. बॅनरवरच्या मेनियाचं मला काही वाटत नाही, कुर्त्याच्या सेलला कुणी आजार समजत नाही. मला खुपतं ते दुसरं, ऑफिसात कुणी जरा जास्त हसला बोलला की "आज मॅनिक झालायस का" म्हणतात ते. ज्याने साडेतीनला ते डबे बघितलेत त्याला तो शब्द कानात टोचतो. बाकी तुमचं तुम्ही ठरवा. आणि वरच्या खुणा कुणाच्या घरात दिसत असतील तर उत्साह आहे म्हणून थांबू नका, आम्ही तीन आठवडे थांबलो होतो.

शेंगदाणा_कूट

रात्रपाळी, वाचून गप्पच झाले. भाऊ सावरला हे वाचून बरं वाटलं.

मी वर "अ" बद्दल गमतीत लिहिलं त्यात अजून एक भर टाकते. मेनिया शब्द मागे जोडून आला, बीटलमेनिया (बीटल्स या इंग्लिश बँडचं वेड) वगैरे, तर तो बऱ्याचदा मजेतला, नेहमीच नाही, कारण क्लेप्टोमेनिया म्हणजे चोरी केल्याशिवाय न राहवण्याचा आजारच. एकटा आला तर पुढचं मागचं बघा. पण मॅनिक हे विशेषण अजूनही बरंचसं दवाखान्यातलंच आहे, ते वर्गात वापरू नका हे मी उद्यापासून मुलांना सांगणार. शब्दच बंद करा म्हणाल तर मला पटणार नाही, कारण आपलं वेड तरी काय, वेड्यांचं हॉस्पिटल म्हणतो आणि वेडं प्रेमही म्हणतो, दोन्ही शेजारी शेजारी पिढ्यानपिढ्या नांदतायत.

रात्रपाळी

बंद करा असं मी म्हटलेलंच नाही ताई. मीपण म्हणतो वेड लागलंय काय रे. फक्त माणूस बघून म्हणतो.

धातूचं_भूत

उशीर झाला पण राहवत नाही, शब्दांच्या मुळाशी जायचं हेच माझं खूळ.

हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा आजार म्हणूनच आला, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, वैद्यकाच्या पुस्तकातून. मौजेचा, फॅशनच्या वेडाचा अर्थ तीनशे वर्षांनी, सतराव्या शतकात चिकटला, तोही फ्रेंचांच्या संगतीने. म्हणजे रात्रपाळींच्या फाइलवरचा अर्थ थोरला आणि कुर्त्याच्या बॅनरवरचा धाकटा. मग एकोणिसाव्या शतकात शेपूट म्हणून जोडायची साथच आली. लिझ्ट नावाचा हंगेरियन पियानोवादक होता, त्याच्या मैफलींना बायका त्याच्या हातमोज्यांसाठी झोंबायच्या, त्याला हाइन या जर्मन कवीने १८४४ मध्ये लिझ्टोमेनिया म्हटलं. बीटल्सच्या वेळी, १९६३ ला, इंग्लंडच्या पेपरवाल्यांनी तेच शेपूट पुन्हा लावलं.

मूळ शब्द ग्रीक, आणि तो ज्या धातूवरून आला त्याच्या घरातलेच आपले मन, मती, मंत्र. इंग्रजीतलं माइंडही तिथलंच. वेदात मन्यू म्हणजे राग, तोही याच घरातला. एकाच मुळातून एकीकडे विचार आणि दुसरीकडे विचार सुटणं. मला हे कळलं त्या दिवशी मी रिक्षात होतो आणि रिक्षावाल्यालाच सांगितलं, दुसरं कुणी नव्हतं. तो म्हणाला, मग मन लागणं आणि वेड लागणं एकच की. मी पंधरा वर्षं व्युत्पत्ती वाचतोय, मला हे वाक्य सुचलं नव्हतं.

आता खरी गंमत. रात्रपाळींनी लिहिलेला साधासरळ शब्द, उत्साह, इंग्रजीत एन्थुझिॲझम. त्याची ग्रीक फोड केली तर "आत देव असलेला". म्हणजे शब्दशः अंगात येणं! आपल्याकडे जत्रेत घुमणारी बाई बघितली की जे म्हणतो तेच. म्हणून अठराव्या शतकापर्यंत इंग्रजीत हा शब्द जवळजवळ शिवी होता, याला वाटतं देव याच्याशी थेट बोलतो अशा अर्थाने वापरायचे, जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात पहिला अर्थ तोच दिलाय. आज नोकरीच्या अर्जात लोक आपणहून लिहितात की मी फार एन्थुझिॲस्टिक आहे. फॅन हा शब्द बहुतेक अभ्यासक फॅनॅटिकवरून आला असं मानतात आणि फॅनॅटिक लॅटिनमध्ये देवळावरून, म्हणजे देवळात वारं शिरलेला. आणि चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार दिलेत, त्यातले चार दोषांमुळे आणि पाचवा आगंतू, म्हणजे बाहेरून आलेला, देव, गंधर्व, यक्ष, पिशाच यांच्यामुळे. ग्रीक असोत की आपण, माणूस स्वतःच्या ताब्यात नाही असं दिसलं की पहिला प्रश्न एकच, मग ताबा कुणाचा?

नादखुळा, तुमच्या क्रियापदांच्या पायऱ्या मी वहीत उतरवून घेतल्यात. फक्त भुताच्या वर अजून एक पायरी आहे, झपाटणं. तिथे भूतही दिसत नाही, नुसता माणूस दिसतो.

नादखुळा_०९

झपाटणं मान्य. चुलत्याला वाचून दाखवलं, म्हणाला माझ्या अंगात पेले येतो असं लिही त्या भूतवाल्यांना.

चकलीची_आई

वही परत आली! उशिरा सांगतेय, मधे पाहुणे होते.

रविवारी रात्री मुलगा बसला वाक्य परत लिहायला. मी म्हटलं क्रिकेटचंच नीट कर, फॉर घाल, अ घाल, झालं. पण त्याने कूटताईंचं ते वाचलं होतं ना, की हा शब्द बाजूला उभा राहून बघणाऱ्याने वापरायचा, तर म्हणे मग मी कुणाकडे तरी बघून लिहितो. आणि घरभर बघत फिरला. आमच्या किचनच्या दाराच्या मागे एक पिशवी लटकते, तिच्यात पिशव्या, त्या पिशव्यांत अजून पिशव्या, दार पूर्ण उघडत नाही त्यामुळे. सासूबाई एकही टाकू देत नाहीत, दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन टाइल्सला चिकटवून वाळवतात. तर याने लिहिलं, "माय ग्रँडमदर हॅज अ मेनिया फॉर कीपिंग प्लास्टिक बॅग्ज".

बाईंनी टिक केली आणि खाली लिहिलं, "माइन टू".

सासूबाईंना मराठीत सांगितलं काय लिहिलंय ते, मी म्हटलं खूळ असं भाषांतर करते, जरा सौम्य. त्या म्हणाल्या खूळ कसलं, परवा तुला भाजीला पिशवी कुणी दिली? आणि ती आणलीस का परत?